एका ब्लँकेटचे पाच फोटो

नागपूरच्या महाल भागातल्या रुपराव फोटोग्राफरची पेन्सिल सगळ्या गल्लीत प्रसिद्ध होती. निगेटिव्ह काचेवर ठेवायची, खालून उजेड सोडायचा, आणि अणकुचीदार टोकाने देवीचे वण, सुरकुत्या, डोळ्यांखालची जागरणं हळूहळू बुजवायची. या पेन्सिलीच्या जोरावर महालातल्या कितीतरी मुली पसंत पडल्या. लग्नानंतर नवरदेव काय म्हणाले, हे कोणी त्याच्यापर्यंत पोचवलं नाही. असा हा लोकांचे डाग झाकणारा माणूस सूड घेईल, असं त्याच्या बायकोलाही, म्हणजे मनकर्णेलाही, वाटलं नसतं. पण अडुसष्ट सालच्या संक्रांतीला तो तिळगूळ हातात घेऊन गोड बोलत होता आणि मनात वामनरावांना तळत होता.

वामनराव म्हणजे मदत समितीचे अध्यक्ष. आदल्याच डिसेंबरात कोयनेला भूकंप झाला तेव्हा ते ट्रक घेऊन निघाले, आणि फोटो काढायला रुपरावला शेजारी बसवलं. दोन दिवसांनी पोचले, तर गावंच्या गावं झोपलेली. दारं उभी आणि घरं आडवी. एका चौकटीला अजून तोरण होतं. रुपरावने गळ्यातला कॅमेरा पोटाशी धरला, वरून काचेत पाहिलं आणि त्याला काही दिसेचना. डोळे पुसल्यावर दिसलं.

ट्रकमध्ये तांदूळ होते, कपडे होते, आणि ब्लँकेट होतं एक. गडद रंगाचं, काठाला दोन पांढरे पट्टे, कोपऱ्यात ड्रायव्हरच्या विडीने पडलेलं भोक.

"बाकीचे दुसऱ्या ट्रकमधून येऊन राहिले," वामनराव म्हणाले. "तवर फोटो काढून घेऊ."

पहिला मान बायजाबाईला मिळाला. घर पडलेलं, नातू गेलेला, आणि म्हातारी दगडाच्या ढिगासमोर जात्याच्या पाळीवर बसलेली. वामनरावांनी ब्लँकेट तिच्या खांद्यावर घातलं आणि कॅमेऱ्याकडे दयाळूपणे पाहिलं. रुपरावच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "आजी, हनुवटी जराशी वर. मान डावीकडे. हां." आजीने हनुवटी वर केली. नातवाला जाळून आठवडा झाला नव्हता.

"झाला नं? आता ते उचल गा, दुसऱ्या गावात पायजे," वामनराव म्हणाले.

रुपराव पुढे झाला. म्हातारीने ओढायला लावलं नाही. तिने स्वतःच ब्लँकेट काढलं, झटकलं, चार घड्या घालून त्याच्या हातावर ठेवलं. "फोटू निघाला न्हवं, लेकरा? घे मग. थंडी लई हाय, सांभाळून जा."

त्या वाक्याने रुपराव जो पोळला, तो नागपुरात येईपर्यंत पोळतच होता. पुढच्या चार गावांत तेच ब्लँकेट चार खांद्यांवर चढलं आणि उतरलं. दुसरा ट्रक काही आला नाही.

मग वामनरावांनी प्रदर्शन काढलं. गर्दीची खात्री हवी म्हणून त्याच हॉलमध्ये आपल्या बायकोचं, चारुशीलाबाईंचं, हळदीकुंकू ठेवलं. हुकूम सुटले. ब्लँकेटचे पाच फोटो पाच वेगळ्या भिंतींवर लागावेत. कोपऱ्यातलं भोक पेन्सिलीने बुजवावं. आणि बायजाबाईच्या फोटोत खालून फोटोवाल्याची सावली आली आहे, ती कापून टाकावी. सूर्य पाठीशी ठेवून फोटो काढणाऱ्याला दुपार कलल्यावर अशी सावली छळतेच.

रुपराव "हो जी, हो जी" म्हणाला आणि त्याने पेन्सिलीला हातही लावला नाही. पाची फोटो दाराएवढे मोठे केले आणि सकाळीच एका रांगेत टांगले, खेटून. वामनराव आले तेव्हा वाण घ्यायला बायका जमल्या होत्या. आता सगळ्यांदेखत काय बोलणार?

बायका वाणात गुंतल्या होत्या, फोटोंपुढून आधी पुरुष फिरले. त्यांनी चेहरे पाहिले, 'च् च्' केलं, चहा प्याले. एकालाही काही दिसलं नाही. रुपराव खांबाआड घामाने भिजला. पंधरा दिवस शिजवलेला सूड असाच नासणार की काय!

पण मनकर्णा आली. बायकांची नजर आधी कापडावर जाते, हे त्याला पसंतीच्या फोटोंनी शिकवलं होतं.

"अवं बाई," ती पहिल्या फोटोपासून पाचव्यापर्यंत चालत गेली, "हे तं एकच ब्लँकेट हाय! हे पाहा भोक. इथंबी भोक. इथंबी!"

बायका गोळा झाल्या. वामनराव धावले. "तसं नाई वं वयनी, एका गिरणीचा माल..."

"गिरणी भोक पाडून विकते काय जी?"

आणि तेवढ्यात चारुशीलाबाई कुंकवाचा करंडा घेऊन कौतुकाने पुढे आल्या. "अगंबाई! अश्शाच ब्लँकेटांची थप्पी आपल्या माडीवर हाय नं? पोरीच्या लग्नात वऱ्हाडाले द्याले म्हणून ठेवली, तीच!"

चहाच्या स्टोव्हला पंप मारणाऱ्याचाही हात थांबला. वामनरावांचा चेहरा पाहून रुपरावच्या मनात आलं, याला आता कुठलीच पेन्सिल पुरणार नाही. त्याला इतकं बरं वाटलं, इतकं बरं वाटलं, की लाजच वाटली.

"अन् ही सावली कोणाची?" मनकर्णा बायजाबाईच्या फोटोपाशी थांबली होती. मान खाली घातलेल्या माणसाची सावली, थेट म्हातारीच्या पायापर्यंत पोचलेली.

"माही," रुपराव खांबाआडून बाहेर आला. "तिच्या अंगावरचं मीच नेलं."

मनकर्णेने पदर कमरेला खोचला. संध्याकाळी बायकांनी वामनरावांची माडी रिकामी केली. चारुशीलाबाई स्वतः गठ्ठे मोजायला नव्हे, उचलायला उभ्या होत्या. चौथ्या दिवशी ट्रक पुन्हा कोयनेकडे निघाला. वर रुपराव, मांडीवर भोकवालं ब्लँकेट आणि एक नवं.

बायजाबाई तिथेच होती. त्याने दोन्ही तिच्या खांद्यांवर घातली. तिने त्याला ओळखलं. लगबगीने पदर सारखा केला, हनुवटी वर केली, मान डावीकडे वळवली.

"आता कुठं बसू, लेकरा?"

रुपरावचे हात सवयीने पोटाशी गेले. कॅमेरा तो महालातच ठेवून आला होता.