बाबांच्या गाडीची खडखड

बऱ्याच महिन्यांनी घरी गेलो. बाबांनी त्यांची जुनी गाडी सुरू केली आणि मी दचकलोच. तसाच त्यांना गॅरेजमध्ये घेऊन गेलो. मेकॅनिकने लांब स्क्रू ड्रायव्हर इंजिनाला टेकवला आणि त्याच्या मुठीला कान लावला.

"बेअरिंग गेलंय, काका. एवढा आवाज येत असताना चालवत राहिलात?"

"कसला आवाज?" बाबांनी विचारलं.

त्याने ॲक्सिलरेटर दाबला. समोरच्या टपरीवरची माणसं वळून बघू लागली. बाबा मात्र माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिले. ऐकणं असंच जात असावं, एकेक आवाज कमी होत. आणि काय गेलं हेही कळत नाही.

इंजिन बंद करून मेकॅनिकने किल्ली बाबांसमोर धरली. त्यांनी हात पुढे केला नाही.

"याच्याकडे द्या," ते म्हणाले.