साडूंचं लिनक्स आणि सिंगापूरचं बारसं

माझ्या साडूंइतका प्रामाणिक माणूस मीरा रोडपासून उत्तनपर्यंतच्या पट्ट्यात दुसरा झाला नसेल, आणि आपल्या प्रामाणिकपणाचा त्यांच्याइतका त्रासही दुसऱ्या कुणी लोकांना दिला नसेल. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, आमच्या ताईचे यजमान. एका सरकारी खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले, भाईंदर पश्चिमेला राहणारे, अंगानं काटकुळे आणि तत्त्वानं भारदस्त. शेअर रिक्षात मागं तिघं बसल्यावर रिक्षावाल्यानं चौथ्याला आपल्या शेजारी घेतलं, की हे भर रस्त्यात खाली उतरत, पूर्ण भाडं हातावर ठेवत आणि "कायद्यात तीनच बसतात" असं सांगून चालू लागत. स्टेशनबाहेरच्या रिक्षावाल्यांना ते इतके पाठ झाले होते की ते लांबून दिसले तरी "अंकल आ रहे हैं, आगे किसी को मत बिठा" असा निरोप रांगेतून पुढं सरकायचा. भाजीबरोबर वर मिळणारी कोथिंबीरसुद्धा ते पैसे दिल्याशिवाय घेत नसत. उत्तनकडून भाजी घेऊन येणारी बाई कपाळावर हात मारून घ्यायची. "काका, कोथमिरीचं पैसं कोन घेत न्हाय. गुमान ठेवा पिशवीत," असं ती म्हणायची, आणि हे गुमान ठेवायचे नाहीत. शेवटी तिनं त्यांना कोथिंबीर दाखवायचंच बंद केलं.

अशा माणसाच्या घरात कॉम्प्युटर आला तो मुलीच्या हट्टापायी. सुटे भाग जोडून दुकानदारानं आणून दिलेला, जसे तेव्हा सगळ्यांकडेच असायचे. मुलगी म्हणजे आमची भाची लग्न करून सिंगापूरला गेली आणि तो कॉम्प्युटर साडूंच्या वाट्याला आला. रोज अंघोळ करून, शर्ट घालून ते त्याच्यापुढं ऑफिसला बसल्यासारखे बसत. सगळं सुरळीत चाललं होतं. पण एके दिवशी पडद्याच्या कोपऱ्यात इंग्रजीत एक ओळ उमटली. तिचा अर्थ असा, की तुमच्याकडची विंडोजची प्रत अस्सल नसावी. ही ओळ तेव्हा निम्म्या मीरा रोडच्या पडद्यांवर होती. माझ्याही होती. मी तिच्याकडे भिंतीवरच्या पालीइतकंच लक्ष द्यायचो. साडूंनी मात्र जेवण सोडलं. "माझ्याच घरात बसून मला कुणीतरी चोर म्हणतंय!" असं ते येईल त्याला सांगू लागले. दुकानदाराला बोलावलं तर तो हसला. "अंकल, सबका ऐसाइच है. टेन्शन मत लो, वो लाइन मैं निकाल देता हूँ." त्यावर साडू म्हणाले, "लाइन काढशील रे, चोरी कशी काढशील?" आणि त्यांनी कॉम्प्युटरवर जुनी चादर टाकली. ती पुढं कितीतरी दिवस तशीच होती. ताई रोज त्या चादरीवरची धूळ झटकायची.

चादर निघाली ती लिनक्समुळे. विंडोजच्या जागी चालणारं, नवख्या माणसालाही जमेल असं आणि कुणाचंही न चोरता मिळणारं काहीतरी आहे असं त्यांना कुणीतरी सांगितलं. मागणी नोंदवली की परदेशातून पोस्टानं सीडी घरपोच यायची, तीही फुकट. आता कोथिंबीर फुकट न घेणारा माणूस सीडी कशी घेणार? पाकीट आलं तरी ते न फोडता देवघराशेजारी ठेवलं होतं. मग एकदा चष्मा लावून त्यांनी पाकिटावरचा मजकूर वाचला. ही सीडी स्वतः वापरा, तिच्या प्रती काढा आणि इतरांना द्या, असं तिथं लिहिलं होतं. त्यांचा चेहरा उजळला. "म्हणजे हे फुकट नव्हे," ते ताईला म्हणाले. "हा प्रसाद आहे. घेतला की वाटावा लागतो." त्या दिवसापासून आमच्या सगळ्या नातेवाइकांच्या मागं साडेसाती लागली.

प्रसाद वाटण्याचा त्यांचा उरक विलक्षण होता. लग्नाच्या आहेरात पाकिटाबरोबर सीडी. सत्यनारायणाच्या पूजेला गेले की शिरा घेऊन सीडी ठेवून यायचे. दाताच्या डॉक्टरांकडे जबडा उघडा असताना त्यांनी खिशातून सीडी काढून दिली होती असं ताई सांगते. पण कळस झाला तो संक्रांतीला. ताईनं हळदीकुंकवाला लुटायला प्लॅस्टिकचे डबे आणायचं ठरवलं होतं. साडूंनी तिला गळ घातली, आणि त्या वर्षी त्यांच्या सोसायटीतल्या यच्चयावत बायकांना तिळगुळाबरोबर वाण म्हणून लिनक्सची सीडी मिळाली, वर हळदीकुंकवाचं बोट लावून. त्यानंतर साडू एका बाईंना जिन्यात गाठून म्हणाले, "काय वहिनी, कसा काय अनुभव?" वहिनी म्हणाल्या, "फारच छान हो भाऊ! गॅलरीत टांगल्यापासून एक कबुतर येत नाही. अजून एखादी असेल तर द्या, बेडरूमच्या खिडकीला." साडूंनी दिली. त्यांचं म्हणणं असं, की आज खिडकीला आहे, उद्या कॉम्प्युटरला लागेल.

आमच्या घरी ते एका रविवारी सकाळी आले आणि माझ्या कॉम्प्युटरसमोर बसले. "काही पुसलं जात नाही हो," ते म्हणाले. "नुसती सीडी घालायची. पाहुण्यासारखं येतं, चहा पिऊन जातं." पाहुणा आला खरा, पण येताना त्यानं आमचं घर उलटंपालटं केलं. खाली असायचं ते बटण वर गेलं, सगळं तपकिरी झालं आणि माझ्या बायकोचा पत्त्यांचा खेळ दिसेना. "भाऊजी, माझे पत्ते कुठेयत?" तिनं घाबरून विचारलं. "आहेत की, फक्त नाव बदललंय." "अहो पण मी काल अर्ध्यावर टाकलेला डाव?" मग त्यांनी मला छपाई दाखवायचं ठरवलं. "लहान मूलसुद्धा करील इतकं सोपं आहे," असं म्हणून ते काळ्या पडद्यावर इंग्रजी आज्ञा लिहीत बसले. जेवणं झाली, माझी झोप झाली. उठून पाहतो तर प्रिंटरनं अर्धी ओळ छापली होती आणि आता तो एकामागून एक कोरे कागद बाहेर फेकत होता. "बघा!" साडू आनंदानं म्हणाले, "सुरुवात झाली."

अडलं की ते इंटरनेटवर जगभरातल्या लिनक्सवाल्यांना विचारत, पण हेडक्लार्कच्या इंग्रजीत. वर आदरणीय महोदय, मध्ये विषय, मग संदर्भ, आणि खाली आपला विश्वासू. ब्राझीलमधल्या कुणा मुलानं त्यांना नेटचा घोळ सोडवून दिला. त्याला ते पुढं दर दिवाळीला शुभेच्छा पाठवत आणि त्याच्या परीक्षा कधी आहेत याची आमच्याकडे चौकशी करत. आम्ही त्यांची खूप थट्टा केली. पण खरं सांगतो, घरात बसून तोंड वाकडं करणाऱ्या निवृत्त माणसांच्या त्या जमान्यात हा माणूस सकाळी उठून काहीतरी शिकायला बसतो, याचं मला मनातून फार कौतुक होतं.

मग भाचीला मुलगी झाली. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण डॉक्टरांनी तिला विमानप्रवास नको म्हणून सांगितलं होतं, आणि ताईच्या गुडघ्याचं नुकतंच ऑपरेशन झालेलं असल्यामुळं तिला तिकडं जाता येईना. नातीचे फोटो ईमेलनं आले, पण ताईला ती हलताना बघायची होती. तेव्हा ठरलं असं, की बारसं दोन्हीकडे करायचं. बाळ सिंगापूरला, बायका भाईंदरला, आणि मध्ये कॅमेरा. बाळाची आत्या बोरिवलीची, तीही भाईंदरलाच येणार होती. मी म्हटलं, "आमच्याकडे मीरा रोडला करू या. माझ्या विंडोजवर कॅमेरा चालतो." साडू माझ्याकडे बघतच राहिले. "तुमच्या विंडोजवर? माझ्या नातीचं नाव चोरीच्या मालावर ठेवायचं?" ताईनं मात्र त्यांना अडवलं. "हे बघा," ती म्हणाली, "आजवर तुमचं सगळं ऐकलं. पण त्या दिवशी माझं बाळ मला दिसलं नाही, तर मी तुमच्याशी जन्मात बोलणार नाही." साडूंनी मान डोलावली आणि कामाला लागले. ब्राझीलला पत्र गेलं. आम्हाला त्या काळात त्यांचं दर्शन झालं ते फक्त पाठमोरं.

बारशाच्या दिवशी भाईंदरच्या घरात पाळणा सजवला होता आणि त्यात झबलं घातलेला वरवंटा ठेवला होता. आवाजाचं त्या लिनक्सशी शेवटपर्यंत जमलं नाही, म्हणून चित्र कॉम्प्युटरवर आणि आवाज मोबाइलवर अशी वाटणी झाली. पडद्यावर आधी पांढरं काहीतरी हललं, मग एकदम भाची आणि तिच्या मांडीवर गुलाबी दुपट्यातलं बाळ दिसलं. बायकांनी एकच गलका केला. ताई तर रडायलाच लागली. साडूंनी आमच्याकडे वळून, हात कमरेवर ठेवून, विजयी मुद्रेनं पाहिलं. एवढ्यात मोबाइलमधून भाची म्हणाली, "आई, तुम्ही सगळे मला उलटे दिसताय गं! पाय वर, डोकी खाली. वरवंटासुद्धा!" बायका साडीचे पदर सावरू लागल्या. साडूंना काडीचं दुःख झालं नाही. "म्हणजे कॅमेरा चालू आहे," ते म्हणाले आणि त्यांनी तो उलटा करून ट्यूबलाइटच्या पट्टीला दोऱ्यानं टांगला. तो हेलकावे खाऊ लागला. "बाबा, मला मळमळतंय," भाची म्हणाली. तेव्हा साडू पडद्याच्या मागं स्टुलावर चढले, कॅमेरा उलटा धरला आणि हात वर करून पुतळ्यासारखे उभे राहिले. मग बारसं सुरू झालं. वायर आखूड असल्यामुळं त्यांना पुढं यायची सोय नव्हती, आणि पडद्याची पाठ त्यांच्याकडे होती.

बायकांनी पाळणा म्हटला. सिंगापूरला जावयांनी बाळाच्या कानाशी मोबाइल धरला, इकडे आत्यानं मोबाइलमध्ये कुर्र केलं आणि नाव सांगितलं, आणि सगळ्या बायकांनी तिच्या पाठीत गुद्दे घातले. बाळानं जांभई दिली. ती इतकी मोठी आणि देखणी होती की खोलीतलं प्रत्येक माणूस हसलं. स्टुलावरून आवाज आला, "काय झालं? काय केलं तिनं?" पण गोंधळात कुणी उत्तर दिलं नाही. मी पुढं झालो. "मी धरतो, तुम्ही खाली या." "नको, तुमचा हात हलेल," ते म्हणाले. आणि तेवढ्यात भाचीनं पडद्यावरून इकडेतिकडे शोधत विचारलं, "बाबा कुठेयत? मला सगळे दिसतायत, बाबाच दिसत नाहीत." "हा काय, इथेच आहे मी," साडू स्टुलावरून ओरडले. "कॅमेऱ्याच्या मागं!" मी आता जबरदस्तीनंच त्यांना खाली ओढलं. ते चष्मा पुसत पुढं येतात तोवर नेट गेलं. परत आलं तेव्हा भाचीनं फोनवर सांगितलं, की बाळ झोपलं.

बायका घुगऱ्या घेऊन गेल्या. साडू बंद पडद्यासमोर खुर्चीत बसून उजवा दंड चोळत होते. ताई त्यांच्यासाठी चहा घेऊन आली. "नाक कुणाचं घेतलंय गं?" त्यांनी विचारलं. "तुमच्यासारखंच सरळ आहे," ताई म्हणाली, आणि तिनं कप त्यांच्या डाव्या हातात दिला. मला त्यांच्याकडे बघवेना.

दुसऱ्या दिवशी साडू स्टेशनजवळच्या दुकानात गेले आणि त्यांनी विंडोजचा अस्सल खोका मागितला. मी बरोबर होतो. दुकानदार तोच, जोडून देणारा. त्याला आधी कळेचना. "ओरिजिनल? पर अंकल, वो कौन लेता है?" मग त्यानं माळ्यावरून तो शोधून काढला आणि फडक्यानं पुसला. साडूंनी पावती मागून घेतली. येताना मी विचारलं, "ब्राझीलवाला काय म्हणेल?" त्यांनी खोका दुसऱ्या काखेत घेतला. मग म्हणाले, "ती म्हणाली, बाबाच दिसत नाहीत." इतके दिवस त्या लिनक्सला मी नावं ठेवली, आणि त्या रस्त्यावर मला त्याचंच वाईट वाटलं.

त्या रविवारी आम्ही भाईंदरला गेलो तेव्हा साडू इस्त्रीचा शर्ट घालून, केस विंचरून, पासपोर्टच्या फोटोला बसावं तसे ताठ बसले होते. कॅमेरा पडद्यावर सरळ बसला होता. चित्र आलं, आवाजही आला. भाचीनं बाळाला दोन्ही हातांनी उचलून पुढं आणलं, अगदी पडदाभर. "बघ, आजोबा! दिसले का आजोबा?" दाताच्या डॉक्टरपुढंसुद्धा तोंड बंद न ठेवणारा हा माणूस एक शब्द बोलला नाही. नुसता बघत राहिला. तिकडं भाचीला वाटलं काहीतरी बिघडलं. "बाबा? आवाज येतोय ना तुम्हाला?"

"येतोय गं," साडू म्हणाले. "थांब जरा. बघू दे मला."