कोपऱ्यातला राघू

आमच्या कबनुरात ग्राफ म्हणजे एकच: चौकटीच्या कागदावर काढलेली साडीच्या काठाची नक्षी. मृत्युंजय हे ग्राफ काढायचा आणि त्यावरून मागाला नक्षी सांगणारी भोकाभोकांची कार्डं मी पाडायचो. अमेरिकेत ‘ग्राफ कॅल्क्युलेटर’ मिळतो असं कानावर आलं आणि गडी हरखला. तिकडं राहणाऱ्या मेव्हण्याच्या मागं लागून त्यानं तो मागवला. २००२ साली आला. बटणं दाबली तर नुसत्या नागमोडी रेघा! गणितातले ग्राफ होते ते. सगळ्या गल्लीनं त्याची टर उडवली, मी तर जरा जास्तच.

त्याची लेक शिवांजली वारणानगरला इंजिनिअरिंगला होती, रोज एसटीनं ये-जा करायची. ती म्हणाली, “आप्पा, गप बसा. ह्येला मी काठ काढायला शिकवती.” घरच्या कॉम्प्युटरवर तिनं सी भाषेत प्रोग्राम लिहिला. तो कॅल्क्युलेटरला कळेल असा करून देणारा कंपायलरही तिनंच इंटरनेटवरून आणला. मग वायर जोडून सगळं आत पाठवलं. एक बुट्टा दिला की पडद्यावर अख्खा काठ तयार! पोरगी हुशार, पण भारी घाईची. काम झालं की बटणं दाबून पडद्यावर एक राघू काढत बसायची, वाकड्या चोचीचा.

पुढच्या वर्षी डेंग्यूनं ती गेली.

बऱ्याच दिवसांनी मृत्युंजयनं कॅल्क्युलेटर हातात घेतला, काठ मागितला, आणि कोपऱ्यात तो राघू आला. बंद करून चालू केला, काठ बदलला, तरी राघू तिथंच. त्यानं तो मला आणून दाखवला. “पोरगी घर सोडंना झालीया,” म्हणाला. खरं सांगतो, मीही भ्यालो. त्याचं जेवणावरचं मन उडालं. बायकोला, महादेवीला, यातलं काही कळू द्यायचं नाही, अशी त्यानं मला शपथ घातली.

मग त्यानं लेकीचंच सीचं पुस्तक उघडलं. कुणी म्हणालं, डोक्यावर परिणाम झालाय. महिनोन्‌महिने तो त्यात डोकं घालून बसला. एका दुपारी मला घरी बोलावून म्हणाला, “भूत न्हाय, चूक हाय. काठ काढायच्या आदी मेमरीतली जागा पुसाय पायजे. ती ओळ लिवायची ऱ्हायली तिच्याकडनं. म्हणून आदीचं चित्र वर येतंय.”

“मग ऱ्हाऊ दे की,” मी म्हणालो.

“न्हाय. उद्या कोण म्हणंल, पोरीला येत न्हवतं. तिच्या कामात खोट नको.”

त्यानं ती ओळ घातली, कंपाइल केलं, आत पाठवलं. काठ स्वच्छ आला. तेवढ्यात महादेवीवहिनी चहा घेऊन आल्या. पडद्याकडं बघून कप तसेच खाली ठेवले.

“राघू कुठं गेला?”

तेव्हा आम्हाला कळलं: नवरा बाहेर गेला की वहिनी रोज कॅल्क्युलेटर लावून त्या राघूशी बोलत बसायच्या.

“अवो, सकाळी हुता की!”

मृत्युंजयनं ओळ काढून टाकली. पुन्हा कंपाइल केलं, पुन्हा पाठवलं. काठ आला, कोपरा कोराच. राघू प्रोग्राममध्ये कधी नव्हताच. तो होता त्या मेमरीत, आणि ती त्यानं स्वतःच्या हातानं पुसली होती. तरी तो वेड्यासारखी बटणं बदडत राहिला.

वहिनींनी त्याचा हात धरला.

“थांबा की जरा,” त्या म्हणाल्या. “कॉलेजातनं यायला तिला उशीरच हुतोय.”