कोपीतला जावई

माझ्या सासऱ्यांनी आजवर माझी एकदाच मनापासून पूजा केली, आणि तीही मी आत बसलोय हे ठाऊक नसताना.

झालं असं. जळकोटजवळ सासुरवाडीच्या शेताला लागून तलाव आहे. हिवाळ्यात तिथं डोक्यावर काळे पट्टे असलेले पाहुणे हंस उतरतात. मेव्हण्याचा, म्हणजे राजाभाऊचा कॅमेरा मी कधीचा मागून आणला होता आणि माझ्या फोटोंत हंस म्हणजे पाण्यावर सांडलेले तीळ! शेवटी बायको सुनंदा कडाडली, "यंदा एक तरी पक्षी वळखू आला पायजे. न्हाईतर कॅमेरा राजाभाऊला वापस!"

हंस माणूस दिसला की उडतात. म्हणून मी काठावर कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून झकास आडोसा केला, मागच्या तोंडाला घोंगडी लावली आणि सकाळी सकाळीच आत जाऊन बसलो. दिवस कोणता? येळवस, म्हणजे वेळा अमावस्या! आख्खा लातूर जिल्हा शेतात जेवायला जातो, कडब्याची कोप करून तिच्यात पांडव पुजतो, तो दिवस! (मला त्यातलं जेवण तेवढं लक्षात होतं.)

कोप करायचं काम राजाभाऊचं. तो साफ विसरला होता. सगळे शेतात आले आणि माझा आडोसा दिसताच त्याचा जीव भांड्यात पडला.

"बाबा, दाजींनी कोप करून ठेवलीया की!"

"जावईबापूनं?" सासरे हरखून म्हणाले. "लगीन झाल्यापासून पयलं काम केलं बग! लई गुणाचा हाय माझा जावई."

असलं काही ऐकायची मला सवय नव्हती. फार बरं वाटलं हो! आता बाहेर येऊन ते सगळं घालवायचं? शिवाय समोरून हंस पोहत जवळ येत होते. पट्टेसुद्धा दिसायला लागले. मी श्वास रोखला.

मागे सासूबाईंनी घोंगडीपुढे पांडवांचे पाच दगड मांडले आणि उदबत्त्यांचा अख्खा पुडा पेटवला. धूर आत! मी खोकला गिळला. मग सासरे ताकातल्या आंबिलाचं बिंदगं, म्हणजे छोटं मडकं, घेऊन "ओलगे ओलगे, सालम पोलगे!" असा येळवशीचा पुकारा करत कोपीआड फेऱ्या मारायला लागले. हंसांनी माना वर केल्या. मी बटणावर बोट ठेवलं, आणि सासऱ्यांनी उरलेलं आंबट ताक भक्तिभावानं वरून ओतलं!

मी शिंकलो. कोपीसकट उठून उभा राहिलो.

"आगं माय! देव उठला!" सासूबाईंनी हात जोडले.

सासऱ्यांनी निरखून बघितलं. "देव न्हाई," ते खिन्नपणे म्हणाले, "जावई हाय."

हंस एकजात उडाले. माझ्या कॅमेऱ्यात आला फक्त माझा अंगठा. पण पूजेचं शूटिंग करणाऱ्या राजाभाऊच्या मोबाईलमध्ये डोक्यावरून जाणारी हंसांची आख्खी रांग आली, पट्टे मोजता येतील इतकी स्वच्छ! सुनंदानं तिथंच कॅमेरा माझ्या गळ्यातून काढून भावाच्या गळ्यात घातला.

तेव्हापासून कॅमेरा राजाभाऊकडे आणि कोप करायचं काम माझ्याकडे. दर येळवशीला तो काठावर नेम धरून उभा राहतो आणि मला आत पिटाळतो.

"दाजी, मी हात केला की उठा. तुमच्यासारखं पक्षी उडवायला कुणालाच जमत न्हाई!"