दुपट्ट्याखालचा हात

बोलल्याशिवाय मला प्रवास पचत नाही. समुद्रपूर-वर्धा एसटीत शेजारी बसलेला तो माणूस बैलबाजारातला दलाल निघाला. खांद्यावरच्या दुपट्ट्याखाली बोटं दाबून भाव ठरवायचा आणि सौदा पटेपर्यंत समोरच्याचा हात सोडायचा नाही, हा त्याचा धंदा. पुढच्या सीटवर त्याची इंजिनिअर लेक होती. त्या वर्षी जर्मन सरकारनं परदेशी कॉम्प्युटरवाल्यांना दार उघडलं होतं. फोनवरच मुलाखत झाली आणि ती आज निघाली होती.

मी झोकात म्हणालो, "वा! म्हणजे तुम्ही जर्मनीचे व्याहीच की!"

तो हसला नाही. त्यानं खांद्यावरचा दुपट्टा काढून हातावर ओढला.

"न पाहता नेणाऱ्या गिऱ्हाइकाचं मले लय भेव वाटते, भाऊ. विकलेला बैल कधी कधी दावं तोडून घरी येते. हिच्या वाटेत समुद्र हाये."



वर्धा आलं. लेक वळली आणि तिनं गुपचूप त्याच्या दुपट्ट्याखाली हात घातला.

"किती वर्सं?" त्यानं विचारलं.

तिनं बोटं दाबली. किती, ते मला दिसलं नाही. गाडी रिकामी झाली, कंडक्टर ओरडला, तरी त्यानं हात सोडला नव्हता.