चिंचोक्यांवर मोजलेलं रक्त

"डोळा दाखवा!"

रामराम नाही, या-बसा नाही. माणूस समोर आला की आमच्या दवाखान्यातले रक्त तपासणारे काका आधी अंगठ्याने त्याची खालची पापणी ओढायचे. आत लाली दिसली तर "बराबर हाय", नाहीतर "उद्या या, बोट टोचू." जालन्याच्या भर बाजारात मिरच्या तोलणाऱ्या बाईचीसुद्धा त्यांनी पापणी ओढलेली मी पाहिली आहे. एकदा पुतण्यासाठी मुलगी बघायला गेले आणि नाव विचारायच्या आधी तिचा डोळाच बघितला. मुलीचे मामा उठलेच! नशीब, मुलगी हसली. लग्न झालं.

निजामाचं राज्य गेलं, त्या पोलीस ॲक्शननंतरची ती वर्षं. मी त्याच दवाखान्यात चिठ्ठ्या लिहायला होतो. काका सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून काचेवरच्या चौकोनांतल्या तांबड्या पेशी मोजत आणि दहा झाल्या की डब्यात एक चिंचोका टाकत. मध्ये कोणी बोललं की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. मोठे डॉक्टर आले तरी यांचा हात वर. "साहेब, दम धरा. चिंचोका चुकंल."

आम्ही हसायचो. तुम्हीही हसला असता. पण माझं हसू अक्काच्या आजारात थांबलं.

अक्का माझी थोरली बहीण, मंठ्याला दिलेली. होळी झाल्यावर सासऱ्यांनी तिला आणून सोडलं. "खाती, फुगती अन् झोपती. दिवाळीपातुर सुधरली तर घिऊन जाऊ, न्हाईतर पोराचं दुसरं बघू," म्हणाले. तिचं तोंड सुजलेलं, रंग पांढराफटक. डॉक्टरांनी लोहाचं औषध दिलं, आईने गूळ-शेंगदाणे चारले. दोन महिने झाले तरी चिंचोके काही वाढेनात.

वैशाखात काका स्वतः घरी आले. बाहेर उन्हाने फरशीवर पाय ठरत नव्हता, आणि अक्का गोधडी पांघरून! काका पापणी ओढायचंच विसरले.

"पोरी, थंडी वाजून राह्यली का?"

"लई वाजती, काका," अक्का जड, घोगऱ्या आवाजात म्हणाली.

ते तडक मला घेऊन डॉक्टरांकडे निघाले. वाटेत म्हणाले, "अरे, रक्त हाडाच्या पोकळीत बनतं. तो कारखाना. लोह म्हंजे नुसता माल. गळ्यातल्या ग्रंथीतून हुकूम सुटला न्हाई तर कारखाना चालंल कसा? आपण माल ओतून राह्यलो अन् मजूर बसून!"

डॉक्टर आधी चिडले. "तुम्ही रक्त मोजा." मग येऊन अक्काला तपासलं, त्या ग्रंथीला थायरॉइड आणि तिच्या हुकमाला हार्मोन म्हणतात असं मला सांगितलं, आणि औरंगाबादहून गोळ्या मागवल्या.

बाटली घेऊन काकाच आले. बसल्या बसल्या सांगून टाकलं, "वैनी, ही गोळी मेंढीच्या गळ्यातली ग्रंथी वाळवून करतेत."

अहो, आमच्या घरात अंड्याचं नाव काढायची चोरी! आई माळकरी. काकांना डोळ्यांनी खुणावून मी थकलो. शेवटी भडकलोच, "सांगायची काय गरज होती?"

"पोरीला जन्मभर घ्यायची हाय. तिला खोटं कसं सांगू?"

 आईने बाटली उघडली. "पाप लागायचं तर मला लागू दे," म्हणाली आणि आपल्या हाताने गोळी अक्काच्या जिभेवर ठेवली. त्या दिवशी ती जेवली नाही.

गणपती बसेपर्यंत अक्काची गोधडी सुटली, आवाज मोकळा झाला, डब्यातले चिंचोके वाढू लागले. दिवाळीला सासरे आले तेव्हा ती अंगणात सडा टाकत होती. काका मुद्दाम हजर. आधी सासऱ्यांचाच डोळा बघितला! "तुमचं बराबर हाय. पोरीला रोज गोळी द्या. ती आळशी नव्हती, आजारी होती." सासऱ्यांनी मान खाली घातली आणि तिला घेऊन गेले. मला त्या दिवशी काकांच्या पाया पडावंसं वाटलं. पडलो नाही, याची चुटपुट आहे.

काही वर्षांनी काकांचेच पाय सुजले. अक्का माहेरी आली होती, तिला घेऊन मी भेटायला गेलो.

"मूत्रपिंडं गेली," ते चहा सांगावा तसे म्हणाले. "साहेबांनी मासिकात वाचलं, रक्ताचा मोठा हुकूम तिथूनच सुटतो म्हणे. जन्मभर मोजत बसलो अन् आता कळलं, घ्या!"

"मंग त्याची गोळी?" अक्काने विचारलं.

"ती अजून निघायची हाय."

अक्का पुढे झाली आणि अंगठ्याने त्यांची पापणी ओढली. मी मनात म्हटलं, बाई गं, खोटं बोल.

"रंग सांग," काका म्हणाले.

"पांढरा हाय, काका." तिचे डोळे भरले.

"बराबर," ते म्हणाले आणि खूश होऊन हसले.

त्याच थंडीत ते गेले. अक्का अजून रोज सकाळी गोळी घेते आणि आरशात स्वतःची पापणी ओढून बघते. "बराबर हाय, काका," म्हणते, आणि कामाला लागते.