अकरा सूचना आणि खिशातला कांदा

माझ्या मुलीचं लग्न मी लिहिलेल्या अकरा सूचनांमुळे मोडता मोडता राहिलं. सूचना सगळ्या बरोबर होत्या, हे आधी नोंदवून ठेवतो.

वर्तमानपत्राच्या डेस्कवर माझी तीस वर्षं गेली. दर उन्हाळ्यात नागपुरात नव्याने येणाऱ्यांसाठी एक माहितीपर मजकूर मी लिहीत असे. निवृत्तीनंतर वाचक उरले नव्हते. अशात मुग्धाने पुण्यात अनिकेतशी स्वतःच लग्न जमवलं आणि त्याच्या आईवडिलांनी आम्हाला पहिल्यांदा भेटायला सांगलीहून यायचं ठरलं. तेही मे महिन्यात! मला आयते दोन वाचक मिळाले.

पानभर मजकूर तयार करून मी मोबाइलवर पाठवला. दुपट्टा डोक्यातोंडाला गुंडाळावा. खिशात कांदा ठेवावा. (त्याने ऊन लागत नाही, असं नागपूर मानतं. दुसऱ्या सूत्राकडून दुजोरा मिळालेला नाही.) उन्हात मोबाइल तापतो, तो बंद करून पिशवीत ठेवावा. पत्ता नकाशावर शोधू नये, माणसाला विचारावा. आणि सूचना क्रमांक सात: कोणी खाऊ घातल्यास नाही म्हणू नये, इथली माणसं मनाला लावून घेतात.

"बाबा, अनिकेतचे बाबा हेडमास्तर होते," मुग्धा म्हणाली. "लिहिलेलं शब्दशः पाळतात."

"असे वाचक हल्ली मिळतात कुठे?" मी म्हणालो.

गाडी दहाला आली. घ्यायला येऊ नका, सूचना पुरेशा आहेत, असं पाहुण्यांनीच कळवलं होतं. स्टेशनवरून बेसाला आमच्या घरी यायला ऑटोने फार तर पाऊण तास. साडेबारा वाजले तरी पाहुण्यांचा पत्ता नव्हता. दोघांचे मोबाइल बंद.

"त्याहिले मोबाइल बंद करायले कोनं सांगतलं होतं?" सुनंदाने, म्हणजे माझ्या बायकोने, स्वयंपाकघरातून विचारलं.

मी कूलरमध्ये पाणी भरायला घेतलं.

"सूचना क्रमांक चार," मुग्धाने वाचून दाखवलं. "बाबा, ते चिडून परत गेले असतील तर मी अनिकेतला काय सांगू?"

मी दुपट्टा बांधून स्कूटर काढली. चौकातल्या पानठेल्यावर थांबलो. "भाऊ, सांगलीचे दोन पाहुणे दिसले का?"

"दिसाले कसे आहेत?"

"दुपट्टा बांधलेले."

ठेलेवाल्याने रस्ताभर नजर फिरवली. "सगळेच बांधून राहिले ना भाऊ. तुमी बी बांधला आहे. तुमीच तं नाही?"

पुढचा पाऊण तास मी तोंड गुंडाळून, तोंड गुंडाळलेल्या लोकांना थांबवत होतो. एक जोडपं मला पाहून पळालं! बेसाच्या दुसऱ्या टोकाच्या मारुतीच्या देवळामागे डोळ्यांपुढे काजवे चमकू लागले, तेव्हा एका फाटकातून हाक आली.

"काहून भाऊ, एवढ्या उन्हात फिरून राहिले? आत या, पानी प्या!"

हाक मारणारे गृहस्थ भाऊराव. मी त्यांना ओळखत नव्हतो, ते मला ओळखत नव्हते. आत कूलरसमोर दोन वयस्क पाहुणे जेवायला बसले होते. ताटांशेजारी दोन कांदे आणि मोबाइलवरून छापून घेतलेला एक कागद. कागदावर लाल शाईच्या रेघा. मजकूर माझा होता.

भाऊरावांची बायको वाढत होती. "घ्या वं बाई, अजून एक पाटवडी. लाजून काहून राहिल्या?"

"सूचना सात," पाहुणे खालच्या आवाजात म्हणाले. त्यांच्या पत्नीने मुकाट्याने ताट पुढे केलं.

मी दुपट्टा सोडून नाव सांगितलं. हेडमास्तर ताडकन उठले. "तुम्ही! अहो, आम्ही यांना फक्त पत्ता विचारला. यांनी पन्हं दिलं. नाही म्हणायचं नव्हतं, घेतलं. मग पोहे. मग हे. आम्ही सूचना पाळतोय हो, पण हे थांबतच नाहीत!"

"अशा उन्हात कसं जाऊ देऊ?" भाऊराव म्हणाले. "अन् कागदावर पत्ता तरी कुठं आहे?"

मी कागद पाहिला. शेवटची ओळ होती: 'घर बेसा, मारुतीच्या देवळामागे.' आमच्या भागात मारुतीची तीन देवळं आहेत. बातमीत कोण, काय, कधी, कुठे हे सुटता कामा नये, असं मी तीस वर्षं पोरांना शिकवलं होतं.

मी हात जोडून माफी मागितली. हेडमास्तरांनी लाल पेन काढलं, कोपऱ्यात काही लिहिलं आणि कागद माझ्या हातात दिला. 'अकरापैकी दहा.'

त्यांच्या पत्नी हसल्या. "पत्ता विचारला तर ताट वाढतात, अशा गावची मुलगी आम्ही कशाला सोडू? फक्त आज आणखी कुणी वाढू नका."

भाऊराव आम्हाला पोहोचवायला घरापर्यंत आले. दारात मुग्धा होती. पाहुण्यांना पाहून ती आधी रडली, मग तिने वाकून नमस्कार केला.

"बसा ना," सुनंदा म्हणाली, "गोळाभात थंडा होऊन राहिला."

हेडमास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. सूचना सात मागे घेण्याचा अधिकार मला एकट्याला होता. मी सुनंदाकडे पाहिलं आणि तो वापरला नाही.

त्या दुपारी दोन माणसं माझ्या लेखणीमुळे उन्हात फिरत होती. भाऊरावांनी फाटक उघडलं नसतं तर काय झालं असतं, हा विचार मी अजूनही पुरता करत नाही. त्यांचे आभार मानायला गेलो, तर त्यांनी मलाही जेवू घातलं.

लग्नपत्रिकेचा मजकूर हेडमास्तरांनी लिहिला. माझ्याकडे काही लिहायला द्यायचं नाही, हे दोन्ही घरांनी एकमताने ठरवलं होतं. कार्यालयाच्या पत्त्याखाली एकच सूचना होती: 'रस्ता न सापडल्यास भाऊरावांना विचारावे.' खाली त्यांचा नंबर.

सांगलीचं वऱ्हाड वेळेवर पोहोचलं. उशीर एकट्या वधूपित्याला झाला. त्याने भाऊरावांना विचारलं नव्हतं.